‘गप्प बस’ म्हटल्यावर कुत्रा आणखी का भुंकतो?

घरातला कुत्रा : लेखांक सहावा

एका कुत्र्याच्या भुंकण्यावरून खुद्द महाभारतात महाभारत घडलेलं आहे. आदिपर्वात पांडव शिकारीला निघतात, त्यांच्याबरोबरचा कुत्रा रानात भटकत पुढे जातो आणि एकलव्यासमोर येऊन थबकतो. जटा वाढलेला, मळलेल्या अंगाचा, काळवीटाचं कातडं पांघरलेला असा माणूस त्याने कधी पाहिलेला नसतो. तो भुंकत सुटतो आणि एकलव्य सात बाणांनी त्याचं तोंड बंद करून टाकतो. अंगठ्याची पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, कुत्र्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. वास्तविक महाभारतकारांनी भुंकण्याचं कारण नीट नोंदवून ठेवलेलं आहे: अनोळखी रूप, तेही अचानक समोर आलेलं. उपाय तेवढा कारणाला न भिडता थेट तोंडाला भिडला.

घरोघरी आजही तेच चालतं. बाणांऐवजी ‘ए, गप्प!’ असतं, गुंडाळलेलं वर्तमानपत्र असतं, नाहीतर ऑनलाइन मागवलेला शॉकचा पट्टा असतो. गेल्या आठवड्यात फिरायला नेताना पट्टा ओढणाऱ्या कुत्र्यांबद्दल पाहिलं. तो त्रास मालकाच्या खांद्यापुरता असतो. भुंकण्याचा त्रास शेजाऱ्यांपर्यंत, आणि तिथून सोसायटीच्या सभेपर्यंत पोचतो.

लांडगेही भुंकतात, पण क्वचित. धोका दिसला की दोन-चार आखूड, खरखरीत भुंकार, संपलं. कुत्रा मात्र फिरायला जायचं म्हणून भुंकतो, चेंडू टाकत नाही म्हणून भुंकतो, एकटा पडला म्हणून भुंकतो, आणि शेजारचा भुंकतोय म्हणूनही भुंकतो. माणसाच्या सोबतीत हजारो वर्षं काढताना त्याचा हा आवाज सुटत गेला. माणसानेही त्याला हातभार लावला. बीगल सशाच्या वासामागे ओरडत धावावा आणि मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्याला तो कुठे आहे हे कळावं, म्हणून तो तसा पैदा केला गेला. तो आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि खालच्या मजल्यावरचे लोक त्याच्या आवाजाची तक्रार करतात. नजरेने शिकार हेरून धावणारा कारवानी हाउंड त्या मानाने मितभाषी. काँगोच्या खोऱ्यातला बसेंजी तर भुंकण्याऐवजी गळ्यातून चमत्कारिक सूर काढतो. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा चार्ली नावाचा गोल्डन रिट्रिव्हर: २०१२ साली त्याचा एक भुंकार ११३.१ डेसिबल भरला आणि त्याचं नाव गिनीज बुकात गेलं.

एवढ्या भुंकण्यातून माणसाला काही उलगडतं का? बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या पीटर पोंग्राट्स, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. हंगेरीत मुदी नावाची मेंढपाळ कुत्र्यांची एक जात आहे. या कुत्र्यांचं भुंकणं त्यांनी वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं. कुंपणापाशी परका माणूस आलाय, मालक कुत्र्याला झाडाला बांधून दिसेनासा झालाय, फिरायला निघायची तयारी चाललीय, समोर चेंडू धरलाय, खेळ रंगलाय, असे ते प्रसंग. मग फक्त आवाज ऐकवून लोकांना विचारलं, हा कुठला प्रसंग? २००५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मजेशीर आहेत. नुसत्या अंदाजाने जेवढं जमलं असतं त्याहून लोकांची उत्तरं बरीच जास्त बरोबर आली. आणि ज्यांनी आयुष्यात कधी कुत्रा पाळला नाही, ते मुदीच्या मालकांपेक्षा फारसे मागे नव्हते. पुढे जन्मांध व्यक्तींवर हाच प्रयोग झाला, त्यांनाही हे ओळखता आलं.

माणसाचा कान पकडतो त्या गोष्टी मोजक्याच आहेत. आवाज खालच्या पट्टीतला, खरखरीत आणि भुंकार एकामागोमाग एक असतील, तर तो ‘लांब राहा’ असं बजावतोय. पट्टी वरची, सूर मोकळा आणि मध्ये मध्ये खंड पडत असेल, तर एकटेपणा, भीती किंवा खेळ. यातलं नेमकं काय ते शेपटी, कान आणि प्रसंग पाहून ठरवायचं. तेव्हा पहिलं काम ओरडण्याचं नाही, ऐकण्याचं. कशावर भुंकला, किती वेळ भुंकला आणि भुंकल्यावर त्याला काय मिळालं, या तीन गोष्टी आठवडाभर फ्रिजवरच्या कागदावर लिहून काढल्या तरी निम्मं कोडं सुटतं. त्यातला तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी भरत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं एखादं घर घ्या. दुपारचे तीन. कुत्रा सोफ्याखाली फरशीला पोट लावून झोपलाय. तळमजल्यावर लिफ्टचं दार सरकतं आणि त्याचा एक कान उभा राहतो. घरातल्या माणसांना अजून काहीही ऐकू आलेलं नाही. लिफ्ट वर येऊन थांबते, बाहेर चपला घासत येतात, कुत्रा एव्हाना दाराखालच्या फटीला नाक लावून उभा आहे. बेल वाजते तेव्हा तो आधीच पेटलेला असतो. आजी ‘अरे हो हो, कळलं’ म्हणत उठतात, आतून कोणीतरी ‘गप्प! गप्प म्हटलं ना!’ असं खेकसतं, दुसरं कोणी पट्टा शोधत धावतं. दार उघडतं. कुरिअरवाला ओटीपी विचारतो, पाकीट देतो आणि जातो.

हाच प्रसंग कुत्र्याच्या बाजूने पाहिला तर हिशेब सरळ आहे. परका आला, मी भुंकलो, परका पळाला. कुरिअरवाला तसाही जाणारच होता, हे त्याला कोण सांगणार? सकाळपासून दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, खाली वाजत येऊन वाजत गेलेली घंटागाडी, सगळ्यांना त्याने असंच पिटाळलेलं असतं. दिवसाला पाच-सहा विजय मिळवणारा सैनिक राजीनामा का देईल? त्यात घरची माणसंही त्याच वेळी ओरडायला लागतात. त्यांचा अर्थ ‘थांब’ असा असतो, पण कुत्र्याला एवढंच दिसतं की आपण हाक दिली आणि सगळी टोळी उठली. तो दुप्पट जोराने भुंकतो.

इथे बदलायचा आहे तो बेलचा अर्थ. आपल्याच घरची बेल मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि अगदी बारीक आवाजात वाजवायची, इतक्या बारीक की कुत्र्याने नुसती मान वळवावी. बेल वाजली की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा. (मारी बिस्किटावर कित्येक घरांतले कुत्रे वाढलेत, पण या कामाला त्याहून काहीतरी चढं लागतं.) क्रम चुकवायचा नाही: आधी बेल, मग खाऊ. पावलॉव्हच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना तोंडाला पाणी सुटायचं ते याच क्रमामुळे. काही दिवसांनी आवाज एक पायरी वाढवायचा, भुंकला तर एक पायरी उतरायचं. मग घरातल्याच कोणीतरी बाहेर जाऊन खरी बेल वाजवायची. त्याच्या जोडीला, दारापासून लांब टाकलेल्या सतरंजीवर जाऊन बसायची सवय वेगळी लावायची आणि शेवटी दोन्ही जुळवायचं, म्हणजे बेल वाजली की सतरंजीवर जायचं. दोन-तीन आठवडे तरी लागतात, घरात माणसं जास्त असली तर अधिक. तेवढे दिवस कुरिअरवाल्यांना ‘बेल वाजवू नका, फोन करा’ असं सांगितलं आणि गॅलरीच्या ग्रिलच्या खालच्या भागावर आडोसा लावला, तर कुत्र्याचा जुना सराव तरी थांबतो.

यावर घरातले ज्येष्ठ हमखास हरकत घेतात: भुंकणाऱ्याला खाऊ दिला तर तो भुंकायलाच शिकेल. हरकत चुकीची नाही, फक्त ती दुसऱ्या भुंकण्याला लागू पडते. दारावरचा कुत्रा बिथरलेला असतो. खाऊ तिथे त्याचं बिथरणं कमी करतो. पण जेवणाच्या टेबलाशी बसून पोळीच्या तुकड्यासाठी ‘भो’ करणारा मुळीच बिथरलेला नसतो, तो मागणी करत असतो. त्याला तुकडा दिला की ती मजुरी झाली. तिथे पाठ फिरवणं हाच इलाज, आणि सुरुवातीला तो उलटा पडल्यासारखा वाटतो. जे कालपर्यंत एका ‘भो’ला मिळायचं ते आज मिळत नाही म्हटल्यावर कुत्रा दहा वेळा भुंकून बघतो. बहुतेक घरं इथेच हरतात. चौथ्या दिवशी आजोबा कंटाळून, टेबलाखालून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने तुकडा सरकवतात. मग कुत्रा शिकतो ते एवढंच की थोडं भुंकून भागत नाही, चिकाटी लागते. त्याऐवजी तो गप्प बसला त्या क्षणी, तेही त्याच्याच वाडग्यात काही दिलं, तर शांत बसण्याला भाव येतो.

तिसरं भुंकणं मालकाला ऐकूच येत नाही, कारण तो घरी नसतो. संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारीण सांगते, ‘दिवसभर रडत होता हो तो.’ घरात एक मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडलं की चित्र स्पष्ट होतं. दार बंद झाल्यावर काही मिनिटांतच येरझाऱ्या, लाळ, दाराला ओरखडे आणि एका सुरातलं उंच भुंकणं सुरू झालं, तर ती घाबरगुंडी आहे. तास-दोन तास झोपून उठल्यावर गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत असेल तर तो कंटाळा. कंटाळ्याला औषध म्हणजे सकाळचा निवांत फेरफटका, ज्यात हुंगायची पूर्ण मुभा असेल, आणि खाणं वाडग्यात न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये लपवणं. पण घाबरलेल्याकडे ‘भुंकून भुंकून दमेल’ म्हणून दुर्लक्ष केलं तर भीती वाढते. त्याच्या बाबतीत चावी उचलायची आणि परत ठेवायची, चपला घालून सोफ्यावर बसायचं, दाराबाहेर पाच सेकंद थांबून आत यायचं, अशा मुंगीच्या पावलांनी जावं लागतं. एवढ्यानेही भागलं नाही तर पशुवैद्यांकडे औषधं आहेत. या त्रासावरच्या क्लोमिप्रामीनला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली. अर्थात डोस डॉक्टरांनी ठरवायचा, व्हॉट्सॲप ग्रुपने नव्हे.

शॉकच्या पट्ट्याला यातलं काहीही कळत नाही. घाबरून भुंकला, मागणीने भुंकला की आनंदाने, त्याच्या लेखी सगळं सारखंच. सायकलवरच्या लहान मुलाला पाहून भुंकलेल्या कुत्र्याला त्याच क्षणी गळ्यात झटका बसला, तर तो झटक्याचा संबंध मुलाशी जोडू शकतो. आवाज बंद होतो, राग राहतो, आणि पुढच्या वेळी इशारा न देता दात लागण्याची शक्यता वाढते. वेल्सने २०१० मध्ये अशा पट्ट्यांवर बंदी घातली. भारतातल्या खरेदीदारांनी त्या निर्णयाची वाट पुसायला हरकत नाही.

सोसायट्यांच्या माहितीसाठी: भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भुंकण्याचं कारण पुढे करून पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. त्याच सूचना मालकांना, विशेषतः रात्री, कुत्रा शांत ठेवण्याचा प्रयत्न करा असंही सांगतात. हे दुसरं वाक्य श्वानप्रेमी सहसा मोठ्याने वाचत नाहीत. आणि कुत्र्याला सदोदित साखळीने बांधून ठेवून पुरेसं फिरवायचं नाही, हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. गच्चीत किंवा फार्महाउसवर बांधलेला कुत्रा रात्रभर भुंकत असेल, तर तक्रार कुत्र्याची करायची की मालकाची, हे त्यावरून ठरवता येईल.

आयुष्यभर शांत असलेला, दहा-बारा वर्षांचा कुत्रा अचानक रात्री-अपरात्री भिंतीकडे तोंड करून भुंकायला लागला, तर शिकवणीच्या भानगडीत पडू नये, आधी डॉक्टर गाठावा. सांधे दुखत असतील, ऐकू येईनासं झालं असेल, दृष्टी गेली असेल किंवा म्हातारपणाचा विसराळूपणा असेल. अशा कुत्र्याला पॅसेजमध्ये एक मंद दिवा आणि झोपायच्या आधी एक छोटी चक्कर एवढ्यानेही पुष्कळदा बरं वाटतं.

फटाक्यांचा विषय या लेखात मुद्दाम घेतलेला नाही. दिवाळीत पलंगाखाली थरथरत बसणाऱ्या कुत्र्याची तयारी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही, गणपतीच्या आधीपासून करावी लागते. ती कशी, ते पुढच्या आठवड्यात.