शिकाऊ डॉक्टरला कोणी विचारते का?

आम्ही नर्स म्हणून नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीत सिकलसेलचा एक मुलगा पाय धरून ओरडत होता. "नाटक करू नको," म्हणून शिकाऊ डॉक्टर त्याच्यावर रागावले. आम्ही मुलाचे सिकलसेलचे कार्ड दाखवले, तेव्हा कुठे सलाईन लागले आणि दुखणे थांबवायचे औषध मिळाले. सकाळी तेच डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "सिस्टर, पुस्तकात वाचलं होतं. असा पेशंट पहिल्यांदाच पाहिला."

चूक एकट्या त्या पोराची नव्हती. शिक्षणात काय राहून गेले, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा असतो. त्यानंतर वर्षभर इंटर्नशिप. या वर्षात मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण अशा विभागांत आणि काही आठवडे गावपातळीवर काम करावे लागते. २०१६ पासून गोंदियातच सरकारी मेडिकल कॉलेज आहे. चिचगडच्या ग्रामीण रुग्णालयातून पेशंट पुढे पाठवला की मोठ्या दवाखान्यात त्याला आधी हात लावतो तो बहुधा शिकाऊ डॉक्टरच. म्हणून त्याचे शिक्षण हा आपल्या जिवाचा प्रश्न आहे.

आता शिक्षण नीट झाले की नाही, हे कसे कळणार? परीक्षेत पाठांतर कळते. पण दिवसभर रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये पोहोचवण्यातच वेळ गेला का, बाळंतपण स्वतःच्या हाताने केले का, अडल्यावर सिनियर मदतीला आले का, झोप मिळाली का, हे शिकणाराच सांगू शकतो. यालाच अभिप्राय किंवा फीडबॅक म्हणतात.

"शिक्षक चांगले आहेत का? होय की नाही?" असा फॉर्म वर्षाच्या शेवटी भरून घेतला तर त्याचा उपयोग नाही. ज्यांच्या हातात मार्क, त्यांच्याविरुद्ध नावानिशी कोण लिहील? खरे उत्तर हवे असेल तर तीन गोष्टी लागतात. नाव गुप्त राहावे. प्रत्येक विभागातले काम संपताच विचारावे. आणि उत्तरे वाचून काय बदलले, ते मुलांना परत सांगावे. तिसरी गोष्ट झाली नाही, तर पुढच्या वेळी कोणी खरे लिहीत नाही.

इंग्लंडमध्ये तिथली वैद्यकीय परिषद शिकाऊ डॉक्टरांना दरवर्षी असे प्रश्न विचारते. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची पाहणी केली. एमबीबीएसचे २५,५९० आणि पदव्युत्तरचे ५,३३७ विद्यार्थी बोलते झाले. २०२४ च्या अहवालात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये आणि एक दिवस सुट्टी द्यावी, अशी शिफारस आली. विचारले म्हणून हे पुढे आले. मात्र शिफारस कागदावर राहिली तर विचारून काय फायदा?

आपल्या लेकरांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने जीव दिला. सिनियरांकडून जातीवरून छळ होत असल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला. म्हणून फॉर्ममध्ये "जातीवरून अपमान झाला का?" हा प्रश्न हवाच, आणि उत्तर विभागाबाहेरच्या माणसाने वाचायला हवे.

मग आपण काय करायचे? ज्यांची मुले मेडिकलला आहेत, त्यांनी फोनवर फक्त मार्क विचारू नयेत. "कोण शिकवतं, कोण बोलतं, झोपतोस का?" हेही विचारावे. फॉर्म आला तर खरे लिहायला सांगावे. शिकाऊ डॉक्टर वस्तीत पाहणीला आले तर चहा द्या, पण सिकलसेलचे दुखणे कसे असते, ताप आला तर ते कसे वाढते, हेही त्यांना सांगा. दवाखान्यात रुग्ण कल्याण समितीपुढे आपला अनुभव लिहून द्या.

त्या रात्रीचे डॉक्टर पुढे प्रत्येक सिकलसेल पेशंटचे कार्ड आधी मागायचे. त्यांना ते एका मुलाच्या ओरडण्याने शिकवले. पुढच्या डॉक्टरला शिकवण्यासाठी आणखी एका मुलाने ओरडण्याची गरज पडू नये.