इटालियनमध्ये ओळख करून द्या: 'मी' आणि 'तू' तर तुम्हाला येतंच!

मिलानच्या एखाद्या प्रदर्शनात माल घेऊन जायचा विचार असेल, तर व्हिडिओतली ही वाक्यं पाठ करूनच जा. शेजारच्या स्टॉलवरच्या, आपल्याच वयाच्या माणसाशी बोलायला एवढी पुरतात.

"चाओ! मी कियामो..." आणि पुढे तुमचं नाव. हा 'मी' म्हणजे 'स्वतःला', आपला 'मी' नव्हे. पण लक्षात राहतो ना! स्पेलिंग बघून 'चियामो' म्हणू नका. इटालियनमध्ये सीएचआय म्हणजे 'कि'. मग "सोनो इंदियानो", बाई असेल तर "इंदियाना". धंदा सांगायचा तर "फाच्चो बोर्से", म्हणजे मी बॅगा बनवतो किंवा बनवते, दोन्हीला तेच. शेवटी विचारा, "ए तू?" आपल्याकडे यावरून भांडण होईल, तिथे अर्थ 'आणि तू?' एवढाच.

खरी मेख पुढे आहे. तू आणि तुम्ही हा फरक तिथेही पाळतात. समोर वयस्कर मालक किंवा मोठा खरेदीदार असेल तर चाओ नको, "बुओनजोर्नो" म्हणा आणि "ए लेई?" विचारा. ऑर्डर हातची जाण्यापेक्षा हे बरं. त्यांनीच "दियामोची देल तू" म्हटलं, म्हणजे अरे-तुरे चालेल, की मग 'तू'वर या. नाव कळलं की हात मिळवत "पियाचेरे" म्हणायचं, भेटून आनंद झाला.