दुर्बीण जपताना

धामणगाव रेल्वेत हिवाळाभर जिनिंगच्या रुईची धूळ, उन्हाळ्यात काळ्या मातीची. मेळघाटात रानपिंगळा पाहायला नेण्याआधी दुर्बिणीची भिंगं साफ करायची, तर शर्टाचं टोक मुळीच लावू नका. मातीचे बारीक कण काचेवरच्या लेपाला ओरखडे पाडतात. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवा, मऊ ब्रशनं झाडा, मगच मायक्रोफायबरचं कापड मध्यातून कडेकडे गोल फिरवा. फुंकर नको, थुंकी उडते.

खरा घात पावसाळ्यात होतो. चामडी पेटीत महिनोन्महिने बंद राहिलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते आणि लेप कायमचा खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. बुरशी आत शिरलीच, तर दुर्बीण घरी उघडू नका. दोन्ही नळ्यांचा मेळ बिघडला की एकाचे दोन पक्षी दिसतात.