थोड्या खर्चात दापोली

सहलीला निघावयाचे म्हटले की घरातील कर्त्या माणसाच्या कपाळास आठ्या पडतात, आणि त्या उगीच पडतात असे आम्ही म्हणणार नाही. आठ-दहा माणसांचे घर, त्यांत दोन वृद्ध, एक-दोन शाळकरी मुले. खासगी मोटार ठरवावी, थंड हवेच्या ठिकाणी खोल्या घ्याव्यात, की चार महिन्यांची शिल्लक दोन दिवसांत संपलीच. मग 'पुढच्या वर्षी पाहू' असे ठरते आणि ते पुढचे वर्ष पुष्कळ घरांत कधी उगवतच नाही. अशा घरांना आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीचे नाव सुचवितो. मुक्काम नको, मोटार नको. चालण्याची तयारी आणि सोबत शिदोरी एवढे असले म्हणजे पुरे.

प्रथम हिशेबाचेच बोलू. कोकण रेल्वेच्या खेड स्थानकापासून दापोली सुमारे 28 किलोमीटर आहे. खेडच्या बसस्थानकातून एस. टी.च्या गाड्या निघतात आणि वळणावळणाने वर चढत दापोलीस येतात. आमच्या मंडळींत आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आजोबा अडुसष्ट वर्षांचे, दोन मुलगे, दोन सुना, महाविद्यालयात जाणारी नात आणि नऊ वर्षांचा नातू अशी आठ माणसे होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस 2022 पासून एस. टी.चा प्रवास विनामूल्य आहे. 65 ते 75 वयाच्यांस अर्धे तिकीट. स्त्रियांस 2023 पासून अर्धे तिकीट. मुलांस तर पूर्वीपासूनच अर्धे. तेव्हा आठ माणसांस तिकिटे लागली साडेचार! वृद्धांनी वयाचा दाखला म्हणून ओळखपत्र मात्र बरोबर ठेवावे. आमच्या आजींना आयुष्यात प्रथमच फुकट प्रवास घडला, आणि त्याचे त्यांना समुद्रापेक्षाही अधिक अप्रूप वाटले.

दापोली समुद्रसपाटीपासून सात-आठशे फूट उंच पठारावर वसली आहे. खाली दोन-तीन कोसांवर समुद्र, पण गावात हवा डोंगरावरची. पौष-माघात सकाळी धुके आणि अंगावर शाल घ्यावीशी वाटेल इतका गारठा. 'कोकणचे महाबळेश्वर' असे लोक हिला म्हणतात. उपमा थोडी फुगविलेली आहे, पण इंग्रजांस ही हवा मानवली हे खरे. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर त्यांनी दक्षिण कोकणासाठी येथे लष्करी छावणी घातली, म्हणून जुने लोक अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पुढे फौज हलली, तरी पेन्शनर शिपायांची वस्ती येथे राहिली. मोकळी मैदाने, सुरूची झाडे आणि जुन्या देवळाच्या जोडीला एका पडक्या चर्चच्या भिंती, असे या गावाचे रूप इतर कोकणी गावांहून वेगळे दिसते ते त्यामुळेच.

छावणीपाठोपाठ इंग्रजी शाळा आली, आणि दापोलीची खरी कीर्ती तीच होय. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे म. म. पां. वा. काणे येथल्याच मिशनच्या शाळेत शिकले. पालगडचे साने गुरुजी इंग्रजी शिक्षणासाठी दापोलीस राहिले. आल्फ्रेड गॅडने हायस्कूल हे नाव तर आमच्या पिढीतील किती तरी कोकणी घरांत आजोबा-पणजोबांच्या तोंडी असे. 'ए. जी.'त शिकलो, एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे.

या तालुक्यातील शिक्षणाची किंमत काय होती, हे मुलांना सांगावयाचे तर अण्णासाहेब कर्वे यांची गोष्ट सांगावी. दापोलीपासून बारा-तेरा किलोमीटरवरचे समुद्रकाठचे मुरुड हे त्यांचे गाव. सहावीच्या सार्वजनिक परीक्षेसाठी ते सोबत्यांसह भर पावसात सह्याद्री ओलांडून, शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तुडवीत साताऱ्यास गेले. आणि वयाची अट पुरी असताही, दिसण्यात लहान म्हणून परीक्षकांनी त्यांना बसूच दिले नाही. तसेच माघारी यावे लागले. साडेचार तिकिटांचा आमचा आनंद ही गोष्ट आठवल्यावर थोडा वरमला, हे नमूद करितो.

परंतु गोष्ट एवढीच सांगून थांबणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. हेच कर्वे 1893 साली गोदूबाई या विधवेशी विवाह करून मुरुडास आले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तो घालणारी माणसे दुष्ट नव्हती. ती तुमच्या-आमच्या पणजोबांसारखीच माणसे होती, पंक्तीला बसणारी, पोथी वाचणारी. आज मुरुडास कर्व्यांचे स्मारक आहे आणि गावास त्यांचा अभिमान आहे. मुलांना स्मारक दाखविताना बहिष्कारही सांगावा.

आणि आणखी एक. त्याच दशकात दापोलीतील महार पेन्शनरांनी, सरकारच्या पलटणीत आयुष्य घालविलेल्या माणसांनी, आपल्या मुलांस नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. मुलांना बसावयास मिळाला तो व्हरांडा. अशाच एका पेन्शनर सुभेदाराचे कुटुंब निवृत्तीनंतर स्थायिक होण्यासाठी दापोलीस आले आणि काही काळाने साताऱ्यास निघून गेले. त्या सुभेदाराचे नाव रामजी सकपाळ. त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे. कर्वे यांस 1958 साली, काणे यांस 1963 साली आणि आंबेडकरांस 1990 साली 'भारतरत्न' मिळाले. तिघांचाही या एवढ्याशा मुलखाशी संबंध आहे हे दापोलीकर अभिमानाने सांगतात, आणि सांगावेच. पण एकाच्या वाट्याला डोंगर आले, एकाला शाळेचे दार सहज उघडे मिळाले आणि एकाच्या बांधवांना व्हरांड्यावर बसावे लागले, हा भेद त्या अभिमानात बुडून जाऊ नये. आमच्या नातवाने विचारले, 'व्हरांड्यावरून फळा दिसत असेल का?' त्याला उत्तर देणे आम्हां कोणालाच जमले नाही.

आजची दापोली मुख्यतः कृषिविद्यापीठाची. येथे 1965 साली कृषिमहाविद्यालय निघाले आणि 18 मे 1972 रोजी कोकण कृषिविद्यापीठ स्थापन झाले. त्यास पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव दिले गेले. विद्यापीठ म्हणजे इमारती एवढेच ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांनी येथील रोपवाटिका अवश्य पाहावी. हापूसचे कलम पूर्वी 'भेट कलम' पद्धतीने करीत. रोपाची कुंडी मोठ्या झाडापाशी नेऊन, फांदीला फांदी बांधून महिनोन् महिने वाट पाहावी लागे. या विद्यापीठाने 'कोय कलमा'ची रीत शेतकऱ्यांत रुजविली. कोय रुजून कोवळे तांबूस रोप वर आले की काही दिवसांतच ते छाटून, मध्ये चीर देऊन, त्यात जातिवंत झाडाची काडी पाचरीसारखी बसवावयाची आणि पट्टीने बांधावयाची. काम चिमुकले, पण त्याने कलमे हजारोंनी आणि स्वस्तात होऊ लागली. विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली 'रत्ना' आंबा निघाला, आणि 1992 साली कोय अगदी पातळ असलेला 'सिंधू'. ज्यांच्या परसात चार हात जागा आहे त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाशी येऊन एखादे कलम न्यावे. सहलीची आठवण म्हणून शंखशिंपल्यांच्या बाहुल्यांपेक्षा ते पुष्कळ बरे.

दुपारी शिदोरी सोडावी किंवा खानावळीत जेवावे. घरगुती जेवण हवे असल्यास आधी कळवावे लागते, हे ध्यानात असू द्यावे. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. सोलकढी तेवढी विकत घेतली.

तिसऱ्या प्रहरी हर्णैच्या वाटेवरील आसूदला उतरावे. रस्त्यावरून नारळी-पोफळीच्या बागांतून खाली ओढ्यापर्यंत उतरावयाचे, लहानसा पूल ओलांडावयाचा आणि पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळात जावयाचे. झाडी इतकी दाट की भर दुपारी सावलीतून चालता येते. देवळापाशी गोमुखातून पाणी अखंड पडत असते. ते डोंगरातून दगडी पन्हळाने आणलेले आहे. पांडवांनी देऊळ एका रात्रीत बांधले असे सांगतात. आम्हांस त्या पन्हळाचा उतार साधणाऱ्या गवंड्याचे अधिक कौतुक वाटले. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' ही 1952 ची कादंबरी ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही वाट ओळखीची वाटेल. तिची भूमी हीच. पेंडसे जवळच्याच मुर्डीचे, आणि 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपेही मुर्डीचेच. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मात्र पायऱ्यांचा हट्ट धरू नये. आमच्या आजी ओढ्याकाठी पाय पाण्यात सोडून बसल्या आणि 'मी खालूनच नमस्कार केला, तो पोहोचतो' म्हणाल्या.

उन्हे कलल्यावर मुरुडास जावे. किनारा लांबरुंद आणि वाळू घट्ट आहे. ती घट्ट आहे म्हणूनच काही उतावळे लोक तीवरून मोटारी पिटाळतात, तेव्हा मुलांचे हात सोडू नयेत. हर्णैचे बंदर आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग यांस स्वतंत्र दिवस हवा. एका दिवसात सारे उरकण्याच्या नादाने काहीच धड पाहून होत नाही.

मुरुडहून दापोलीस आणि दापोलीहून खेडला परतीच्या शेवटच्या गाड्या किती वाजता आहेत, हे सकाळी दापोलीस उतरताच स्थानकात विचारून कागदावर लिहून घ्यावे. सूर्यास्त पाहत बसल्यास मुरुडची गाडी चुकते, आणि मग रिक्षाचे भाडे पडून साडेचार तिकिटांत वाचविलेले पैसे तेथेच जातात.