मोडलेले मनगट आणि मागे राहणारी कळ

एखाद्या उंच बांधकामाच्या परांचीवरून पडलेला कामगार असो की पावसात घसरलेला दुचाकीस्वार, पडताना हात आपसूक पुढे टेकला जातो आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस हे हाड मनगटापाशी मोडते. या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलीस यांनी १८१४ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वीच केले. मात्र हाड जुळल्यावर दुखणे संपते, हा समज फारसा खरा नाही.

सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागात सुमारे दोन मिलिमीटरची पायरी राहिली, तर कूर्चा झिजून संधिवाताचा धोका वाढतो, म्हणून तुकडे तारांनी किंवा तळहाताच्या बाजूने बसवलेल्या धातूच्या पट्टीने जुळवले जातात. सुजेमुळे मनगटातील मध्य चेता दबून बोटे बधिर होत असतील, तर तिच्यावरचा अस्थिबंध कापून तिला मोकळे करणे लांबवता येत नाही.

तरीही मागे राहणाऱ्या वेदनेवर याहून धाडसी उपाय म्हणजे चेताछेदन, म्हणजे वेदना वाहणारी चेता कापणे. हाताच्या मागच्या बाजूने उतरणाऱ्या एका चेतेचे टोक बोटे सरळ करणाऱ्या स्नायुबंधांच्या तळाशी असते आणि तेथे ती फक्त सांध्याच्या आवरणाची संवेदना वाहते, त्यामुळे तेवढा तुकडा काढला तरी बोटांची शक्ती जात नाही. जुनाट वेदनेवर ही शस्त्रक्रिया रूढ आहे; ताज्या अस्थिभंगातच ती प्रतिबंध म्हणून करणे मात्र सर्वमान्य नाही, आणि हा सावधपणा योग्यच म्हणावा लागेल, कारण वाकडे जुळलेले हाड चेता कापल्याने सरळ होत नाही.