बोंडअळीच्या आतड्यातील ग्राही

परभणी जिल्ह्यात कपाशीच्या फुलाच्या पाकळ्या न उमलता एकमेकींत गुंतून राहिलेली ‘डोमकळी’ दिसली, की गुलाबी बोंडअळीचा शिरकाव झाल्याचे ओळखले जाते. मात्र २००२ साली परवानगी मिळालेल्या, कीटकनाशक प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या बीटी कपाशीला ही अळी पुढे का जुमानेनाशी झाली, हे समजण्यासाठी तिच्या मध्यांत्रातील पेशींच्या पटलापर्यंत जावे लागते.

पेशीपटल हे स्निग्ध रेणूंचे दुपदरी आवरण होय. ते प्रवाही असून त्यात प्रथिने सरकत असतात, हे प्रतिमान सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले. बाहेरचा ठरावीक रेणू ओळखून धरणाऱ्या पटलावरील प्रथिनांना ग्राही म्हणतात. बोंडअळीतील कॅडहेरिन हा असाच ग्राही असून त्याचा बाहेरचा भाग मण्यांच्या माळेसारखा असतो, मण्यांमधल्या सांध्यांना कॅल्शियममुळे ताठपणा येतो आणि माळेचे टोक पटलातून आरपार गेलेले असते. कपाशीतील ‘क्राय१एसी’ हे बीटी प्रथिन या माळेला चिकटते, त्याचे अनेक रेणू एकत्र येऊन पटलाला छिद्रे पाडतात आणि पेशी फुगून फुटतात, असे प्रचलित स्पष्टीकरण आहे.

ही पकड तपासण्याची रीत मोठी चिकाटीची आहे. अळ्यांची आतडी काढून वाटतात, मॅग्नेशियम क्लोराइड घालून अपकेंद्री यंत्रात फिरवतात, तेव्हा पटलाचे तुकडे आपोआप मिटून सूक्ष्म पिशव्या बनतात. त्यांत किरणोत्सारी आयोडीन जोडलेले बीटी प्रथिन मिसळून किती चिकटले ते मोजतात, आणि साधे प्रथिन भरपूर ओतल्यावर ते सुटते का, यावरून खरी पकड व नुसता चिकटपणा यांतला फरक कळतो. ग्राहींची हालचाल मोजण्याची रीत निराळी आहे: चकाकता रंग दिलेल्या ग्राहींच्या एका ठिपक्याची चकाकी लेसरने घालवून शेजारचे रेणू तेथे किती वेळात सरकून येतात, ते पाहतात. हैदराबादच्या कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात सेरोटोनिन ग्राहीचा अभ्यास याच रीतीने झाला.

भारतातील प्रतिकारक बोंडअळ्यांत कॅडहेरिनचा जनुक-संदेश चुकीचा जोडला जातो आणि ग्राही अपुरा बनल्याने बीटी प्रथिनाला पकड मिळत नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बियाणे फसले’ ही गावातली तक्रार म्हणूनच अर्धीच खरी ठरते, कारण बदल अळीत झाला होता. हा दोष साधारणतः अप्रभावी असल्याने जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेली अळीच तगते. तिच्या पतंगाला साध्या पतंगाशी जुगता यावे, याच हेतूने पाकिटासोबत बिगरबीटी बियाणे दिले जाई, पण ते पुष्कळदा पेरलेच गेले नाही, आणि फरदडीने, म्हणजे हंगामानंतरही राखलेल्या कपाशीने, अळीला हंगामाबाहेरही खाद्य पुरवले.