हीटर गार, डोक्याला ताप!

मराठवाड्यात गाडीचा हीटर? कुणी विषय काढला तर आपण हसणारच! लातूरचं ऊन खाल्लेल्या माणसाला एसी कळतो. डॅशबोर्डवरचं ते निळं-लाल बटण मात्र वर्षभर निळ्यावरच.

पण फ्रेंड्स, डिसेंबर-जानेवारीत ‘येळवस’ येते. म्हणजे आपली वेळ अमावस्या. पुण्या-मुंबईच्या आयटी पार्कात आणि बँकांत अडकलेली लातूर-धाराशिवकडची पोरं-पोरी त्या दिवशी शेतात हवीतच. भज्जी आणि आंबील चुकवायची म्हणजे काय? मग ऑफिस सुटलं की गाडी काढायची आणि टेंभुर्णी, बार्शी, मुरूड करत रात्रभर ड्राइव्ह! पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, चौघांच्या श्वासाने काच आतून धुरकट होते, समोरचा ऊसाचा ट्रॅक्टर दिसेनासा होतो. तेव्हा कुठे ते लाल बटण आठवतं. फिरवावं, तर... गार वारा!

‘चालायचंच, स्वेटर घाला’ असं म्हणून आपण मोकळे होतो. गडबड नेमकी इथेच आहे.

मिस्त्रींचा क्लास

हे मला कळलं शिरूर अनंतपाळला. (पुण्याजवळचं शिरूर नव्हे हं, लातूर जिल्ह्यातलं!) येळवशीला मैत्रिणीच्या गाडीतून तिच्या गावी गेले होते. शेतातून परतताना तिने सहज रस्त्याकडेच्या गॅरेजसमोर गाडी थांबवली. ‘‘दादा, हीटर चालत नाही. पुण्यात गेल्यावर बघू ना?’’

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, पण कशालाही हात लावला नाही. म्हणाले, ‘‘ताई, हीटर चांगलं हाय. पाणी सरलंय बगा. इंजिन तापायलंय, हे हीटरच आधी सांगायलंय तुमाला.’’

आम्ही दोघी गप्प! पुढे पुण्यापर्यंतचा लांबचा पल्ला गाठायचा होता. मग चहा आला आणि इंजिन गार होईपर्यंत आमचा क्लास झाला.

फंडा काय आहे?

पेट्रोल-डिझेल गाडीच्या हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनाची उष्णता कूलंट वाहून नेतो. त्यातला थोडा दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरकडे, म्हणजे हीटर कोअरकडे जातो. त्यावरून पंखा हवा फेकतो आणि आपल्याला ऊब मिळते. थोडक्यात, ही ऊब फुकटची! पण कूलंट कमी झाला तर बऱ्याचदा पहिला उपाशी राहतो तो हीटर कोअरच. म्हणूनच गार हीटर हा इंजिनाचा मिस्ड कॉल समजा.

‘पण टेम्परेचरचा काटा आहे ना?’ आहे. मात्र कूलंट सेन्सरच्या खाली गेला तर काटा फसवू शकतो. आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा नसतोच, फक्त एक लाल दिवा असतो. तो लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. इंजिन जास्त तापलं तर हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि गॅरेजचं बिल बघून आपल्यालाच घाम फुटतो!

बोअरचं पाणी नको

मैत्रिणीच्या गाडीचा एक पाइप थोडा झिरपत होता. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी टॉपअप म्हणून बोअरचं पाणी ओतलं होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काळा खडक, त्यामुळे बोअरचं पाणी क्षारांचं. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर गाडीतही बसतो. हीटर कोअरच्या नळ्या बारीक, त्या आधी तुंबतात. शिवाय साध्या पाण्याने आत गंज चढतो तो वेगळाच.

२०१६ मध्ये ज्या लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं, तिथे ‘गाडीसाठी स्पेशल पाणी’ म्हणजे चैन वाटेल. पण कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, साधारण निम्मं-निम्मं, हाच खरा स्वस्तातला सौदा. मिश्रणामुळे उकळण्याचा बिंदू वाढतो आणि गंजही रोखला जातो. फक्त कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असतो, तेव्हा लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवा.

स्वतःच बना डिटेक्टिव्ह

* हवाच येत नाही? फ्यूज, पंख्याची मोटर किंवा रेझिस्टर बघा. हवा अगदी मंद असेल तर केबिन फिल्टर चोंदलेला असू शकतो.
* हवा येते, पण गार? इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या बाटलीत पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये आहे ना, बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कध्धीही उघडू नका! आत दाब असतो, उकळता फवारा थेट तोंडावर येतो.
* पातळी ठीक, पण हायवेवर काटा खाली पडतो? थर्मोस्टॅट उघडाच अडकला असावा.
* डॅशबोर्डमागे गुडगुड आवाज? पाइपात हवा अडकली आहे. रेस दिल्यावर गरम आणि सिग्नलला गार हाही तोच प्रकार, नाहीतर कूलंट कमी.
* दोन पाइपांची टेस्ट : इंजिन तापवा, बंद करा आणि केबिनकडे जाणारे दोन पाइप फडक्याने जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर बिघाड बटणाच्या केबलचा किंवा आतल्या झडपेचा. एक गरम, एक गार असेल तर कोअर तुंबलाय किंवा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गार असतील तर कूलंट, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप.
* पायाखालचं मॅट ओलं, गोडसर वास, काचेवर चिकट थर? हीटर कोअर गळतोय. पांढरा धूर आणि गळती न दिसता घटणारा कूलंट असेल तर गाडी चालवू नका, गॅस्केट तपासून घ्या.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर मात्र हे डिटेक्टिव्हगिरीचे प्रयोग नकोत. तिथे ऊब बॅटरीवर तयार होते आणि वायरींत हाय व्होल्टेज असतं. थेट सर्व्हिस सेंटर!

उन्हाळ्यातही कामाचा

मे महिन्यात घाटात इंजिन तापायला लागलं, तर एसी बंद करा, हीटर फुल्ल लाल आणि पंखा फुल्ल करा. इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते आणि सुरक्षित जागी थांबेपर्यंत वेळ मिळतो. काचा उघड्या ठेवा, घाम आला तर येऊ द्या! आणि काच धुरकट झाली तर एसी आणि हीटर दोन्ही लावून बाहेरची हवा आत घ्या. एसी ओलावा शोषतो, हीटर काच तापवतो.

आता एक सोपी सवय. महिन्यातून एकदा, अगदी एप्रिलमध्येसुद्धा, गाडी तापली की दोन मिनिटं लाल बटण फिरवून बघा. चेहऱ्यावर झळ आली तर टेन्शन नाही. गार वारा आला, तर तो एन्जॉय करू नका. आधी बॉनेट उघडा!